घरत मॅडमचं टेंगूळ

घरत मॅडम स्वतःच्या हातांवर बसायच्या. अक्षरशः. प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टुलावर टेकल्या की दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायच्या आणि तशाच, पाठ ताठ करून, समोर बघत राहायच्या. खारघरच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्सच्या विभागप्रमुख होत्या, आणि मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते असं, बाकावर शिक्षा भोगणाऱ्या शाळकरी मुलीच्या थाटात. मी त्याच दिवशी लेक्चरर म्हणून रुजू झाले होते. नवी साडी, हातात फाईल. दारातून आत येऊ का म्हणून विचारलं तर मान न वळवता म्हणाल्या, "ये. पण टेबलाला टेकू नकोस, रीडिंग चाललंय."

टेबलावर हंड्याएवढा स्टीलचा एक पिंप होता. त्याला बाजूने बशीएवढी खिडकी, आणि खिडकीतून जांभळा उजेड बाहेर येत होता. पिंपाच्या माथ्यावर क्वार्ट्‌झची जाड काच आणि तिच्यावर घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला, लाटा सोडणारा मॅग्नेट्रॉन. तो मॅडमच्या नणंदेच्या बिघडलेल्या ओव्हनमधून काढलेला होता, आणि नणंद तो परत मागत होती हे मला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. पाच मिनिटं मी अवघडून उभी राहिले. मग यंत्र थांबलं, मॅडमनी मांड्यांखालून हात काढले, साडीला पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "आमच्याकडची हळद बघितलीस का कधी?"

मी साताऱ्याची. हळद म्हणजे मला लग्नाच्या आधी लावतात ती माहीत होती.

"तशी नाय गो. आमची. बेंजो लावून."

आणि मग नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला मॅडमच्या सासरच्या, ओवे गावातल्या हळदीवरून प्लाझ्मा समजला, म्हणजे पिंपातला तो जांभळा, इलेक्ट्रॉन मोकळे सुटलेला वायू. मांडव म्हणजे पिंप. आतली माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन. वरून मायक्रोवेव्हची लाट येते ती म्हणजे बेंजोवाले. मांडवात माणसं कमी असतील तर बेंजोवाले थेट मधोमध शिरतात. पण गर्दी एका हद्दीपलीकडे गेली की त्यांना आत पाऊल टाकायला जागा राहत नाही. मग ते मांडवाच्या कडेकडेने वाजवत फिरतात. लाटही तशीच काच आणि प्लाझ्मा यांच्या मधल्या सीमेवरून पळत सुटते, आत शिरत नाही. "आता सांग, जास्त कोण नाचनार?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, बेंजोच्या शेजारी उभे असलेले. "बरोब्बर. बाकी सगळे नुसते डुलतात, जेवनाची वाट बघत. काचेला लागून जे थोडे हायत ना, ते जीव टाकून नाचतात. मना ते मोजायचे हायत."

वर्गात त्या इतकं शुद्ध बोलायच्या की मुलं त्यांना पुण्याच्या समजायची. स्टाफरूममध्ये निम्मं इंग्रजी. पण पिंपापाशी आल्या की ओव्याची बोली आपोआप तोंडात यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मशीनशी खोटं कशाला बोलू?"

त्या नाचणाऱ्या इलेक्ट्रॉनांपायी त्यांनी एकूण नऊ वर्षं घातली, त्यातली शेवटची सहा माझ्यासमोर. तसे इलेक्ट्रॉन काचेजवळ असतात हे इतर ठिकाणीही लोकांनी पाहिलं होतं. पण ते काचेपासून नेमके कुठवर टिकतात, कुठे मावळतात, हे आपल्या पिंपात एकेक मिलिमीटर मोजून दाखवायचं, ही मॅडमची इच्छा. प्रमोशन, पुरस्कार, परदेश यातलं काही त्यांनी कधी मागितलं नाही. निवृत्त व्हायच्या आधी एवढं एक मोजमाप छापून यावं, लोकांनी ते खरं मानावं, बस.

मोजायची रीत अशी. केसाएवढी टंगस्टनची तार प्लाझ्मात सोडायची. तिला खालून एक स्क्रू, एक फेरा दिला की तार काचेपासून एक मिलिमीटर खाली सरकते. प्रत्येक रीडिंगच्या आधी तार लालभडक तापवायची, म्हणजे तिच्यावर बसलेली घाण जळून जाते. "तोंड धुतल्याशिवाय साक्ष द्यायची नाय," मॅडम तारेला दम द्यायच्या. मग फेरा. "येक," मोठ्याने. हात स्क्रूवरून काढायचा. बटण दाबायचं. व्होल्टेज आपोआप चढत जातं, किती करंट येतो ते संगणक टिपत जातो. आणि तेवढा वेळ हात मांड्यांखाली. रीडिंग संपलं की पुन्हा तार तापवायची, "दोन," पुन्हा हातांवर बसायचं. मलाही त्यांनी तसंच बसायला लावलं. पहिले काही दिवस माझ्या बोटांना मुंग्या यायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायची.

याचं मूळ त्यांच्या वडिलांच्या मिठागरात होतं. मॅडमचं माहेर उरणकडचं, द्रोणागिरीच्या बाजूचं. आता तिथे मिठागर नाही, गोदामं आहेत आणि कंटेनरच्या रांगा. लहानपणी वडील कोंडीत खारं पाणी घेत, ते उन्हात आटत जाई, आणि मीठ धरायच्या वेळी पाण्यावर पातळ साय येई. त्या सायीला बोट लावायचा मोह कुठल्या पोराला होणार नाही? म्हणून वडील या भावंडांना बांधावर ओळीने बसवत आणि हात मांड्यांखाली ठेवायला सांगत. मॅडम सांगायच्या, "बाबा बोलायचा, मीठ त्याचं त्याचं होतंय. तुमी फक्त हात लावू नका."

या सगळ्यातून जो आलेख निघायचा, तो डावीकडे उंच असायचा आणि उजवीकडे उतरत जायचा. बहुतेक इलेक्ट्रॉनांकडे थोडी ऊर्जा, फार थोड्यांकडे जास्त. पण काचेजवळच्या रीडिंगमध्ये, उतार जवळपास संपत आल्यावर, एक बारीकसा उंचवटा यायचा, तेच ते जीव टाकून नाचणारे. मॅडम त्याला टेंगूळ म्हणायच्या. पहिल्या फेऱ्याला दिसायचं, पाचव्यापर्यंत लहान होत जायचं, सहाव्याला नाहीसं. "दारावर डोकं आपटल्याशिवाय टेंगूळ येतंय का?" असं म्हणून त्या पडद्यावर त्या जागी बोट ठेवायच्या. पडद्यावर त्यांच्या बोटाचा कायमचा ठसा होता आणि तो पुसायची शिपायाला बंदी होती.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतले एक तज्ज्ञ एकदा कॉलेजात आले होते. मॅडमनी त्यांना पिंपापाशी नेलं. ते गृहस्थ स्क्रूकडे बघत राहिले. "हे हाताने फिरवता?" मॅडम म्हणाल्या, हो. त्यांनी आलेख पाहिला, टेंगूळ पाहिलं आणि हसून म्हणाले, "शेवटाला सगळ्यांच्याच आलेखात असं काहीबाही येतं हो. नॉईज आहे तो." मी खाली मान घातली. मॅडमनी स्टूल पुढे केलं. "बसा. तुमच्या हातानं घ्या रीडिंग. हाय तं हाय, नाय तं नाय." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दूधवाल्यालाही तेच आणि कुलगुरूंच्या समितीलाही तेच. गृहस्थांना वेळ नव्हता. डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट मात्र त्यांनी दोनदा मागून खाल्ली. ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "सुकट खरी वाटली बघ त्यांना."

मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे सुख होतं असं आज म्हणते, तेव्हा मी खूप वैतागायची. पंपाला कुठून हवा लागते ते शोधण्यात आठवडे जायचे. मॅडम पिंपाच्या सांध्याला कान लावायच्या, जणू आतून कुणी कुजबुजणार आहे. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र याच बाई आठवडाभर माझी सगळी लेक्चर्स घेऊन, वर रोज संध्याकाळी फोन करून फक्त एवढंच विचारायच्या, "जेवलीस?" मी हो म्हटलं की ठेवून द्यायच्या.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा. मग फळ्यावरची अक्षरं लहान लहान होत गेली. कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं. मॅडमनी स्टाफरूममध्ये स्वतःच जाहीर करून टाकलं, "माझ्या हातातले इलेक्ट्रॉन बेंजोजवळ जाऊन उभे राहिलेत." सगळे हसले. हसण्यासाठीच त्यांनी ते म्हटलं होतं. प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी "येक" म्हणून स्क्रूला हात घातला. हात स्क्रूवर थरथरत होता. मी बघत होते.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. टेंगळाचा लेख लिहायला घेतला होता, दोघींच्या नावाने. माझा प्रबंधही त्याच सुमारास पुरा होत होता. तेवढ्यात मुंबईत एक परिषद झाली. मॅडम मंचावर बोलत होत्या, टेंगळाचा आलेख मागे पडद्यावर होता, आणि त्यांच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका त्या आलेखावर सैरावैरा धावत होता. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "हात बघ ना. या हाताने घेतलेलं रीडिंग." दुसरा हसला.

ते हसणं माझ्या कानातून गेलं नाही. घरी आल्यावरही नाही. मला राग आला होता, त्या दोघांचा. पण रागाच्या तळाशी एक विचार येऊन बसला होता, आणि तो मी हाकलला नाही: खरंच हातामुळे असेल तर?

आकडेमोड सगळी माझ्याकडे होती. कच्च्या आकड्यांवरून तो आलेख काढायचा तर आकडे आधी थोडे गुळगुळीत करावे लागतात, शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी घेऊन. किती शेजारी धरायचे ते आपण ठरवायचं. कमी धरले तर आलेख खडबडीत येतो. जास्त धरले तर सुबक येतो, पण जे बारीक असतं ते पुसलं जातं. मी जास्त धरले. मग आणखी थोडे. टेंगूळ खाली बसत गेलं आणि शेवटी उतार लोण्यासारखा झाला. मी मनाशी म्हटलं की मी मॅडमना वाचवते आहे. जगाने हसण्यापेक्षा घरातल्या माणसाने सांगितलेलं बरं. यात माझा प्रबंधही सुरळीत पार पडणार होता, हे मी तेव्हा मनाशी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले. "मॅडम, नीट केल्यावर काही राहत नाही हो."

त्यांनी चष्मा लावला. काढला. परत लावला. पंखा फिरत होता आणि कागद उडू नये म्हणून मी कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं. "बघितलंस ना नीट?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तू बघितलंस म्हणजे झालं." त्यांनी लेखाचा मसुदा ओढला आणि टेंगळाचं अख्खं पान पेनने खोडलं. रेघ हातामुळे वेडीवाकडी गेली. "नाय तं नाय. तुझं थिसिस माझ्या टेंगळापायी अडायला नको." एवढं बोलून त्या वर्गावर गेल्या. तो तास त्यांनी नेहमीसारखा घेतला असं मुलं म्हणाली.

त्यानंतर मॅडम त्या स्टुलावर बसल्या नाहीत. पिंप विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवला गेला. माझी पीएच.डी. झाली, तेव्हा त्यांनी मला पेढा भरवला आणि हात थरथरल्यामुळे तो माझ्या हनुवटीला लागला. आम्ही दोघी हसलो. निवृत्तीच्या समारंभात लोक त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. नऊ वर्षांबद्दल कुणी बोललं नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. मीही बोलले नाही.

खारघरहून ओवे किती लांब आहे? रिक्षाने दहा मिनिटं. सुरुवातीला मी महिन्यातून एकदा जायची. मग सणाला. मग फोन. मग फोनवर त्यांचे यजमान, भाऊ, बोलायला लागले, कारण मॅडमचा आवाज बारीक झाला होता आणि त्यांना नावं आठवेनाशी झाली होती. "या कधीतरी, पोरी," भाऊ म्हणायचे. मी येते म्हणायची. दीड वर्ष मी गेलेच नाही. माझ्या टॉवरच्या गॅलरीतून ओव्याच्या देवळाच्या कळसावरची पताका मला रोज दिसायची.

या वर्षी एमएस्सीच्या मुलांना मी तो पिंप चालू करून दाखवत होते. एका मुलीने स्क्रू फिरवला आणि हात तसाच ठेवून बटण दाबायला गेली. मी ओरडले, "हात काढ! फेरा दिला की हात काढायचा आणि मांडीखाली ठेवायचा. रीडिंग चालू असताना हात यंत्राला लागताच कामा नये."

मुलं हसली. त्यांना दहा मिनिटांची सुट्टी देऊन मी त्याच स्टुलावर बसले.

हात यंत्राला लागतच नव्हता. रीडिंग चालू असताना मॅडमचा हात कधीच, एकदाही, यंत्राला लागलेला नव्हता. तो मांडीखाली होता. मी सहा वर्षं शेजारी बसून तो मांडीखाली पाहिला होता, माझे स्वतःचे हात मांडीखाली घेऊन. तो कितीही थरथरला असता तरी आलेखात उतरायला वाट नव्हती. मी आकडे तपासलेच नव्हते. मी त्यांचा हात पाहिला, त्याची कीव केली आणि त्या किवेवर नऊ वर्षं पुसून टाकली.

सगळे कच्चे आकडे माझ्याच संगणकात होते. या वेळी मी ते गुळगुळीत केले नाहीत. एकाच जागी घेतलेली चाळीस-चाळीस रीडिंगं एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. नॉईज असेल तर तो दर वेळी वेगळ्या जागी येतो आणि एकमेकांत विरून जातो. खरं असेल ते जागेवर राहतं. टेंगूळ जागेवर राहिलं. पहिल्या फेऱ्याला ठसठशीत, पाचव्याला जेमतेम, सहाव्याला नाही. हात थरथरायच्या आधीच्या वर्षांतले आकडे घेतले. तेच. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि तिथेच रडायला लागले.

लेख आता पाठवला आहे. पहिलं नाव त्यांचं आहे. तो छापून येईल तेव्हा कुणाला दाखवायचा हे मला ठाऊक नाही, कारण मी ओव्याला जाऊन आले त्यानंतर तीन आठवड्यांनी मॅडम गेल्या. ती शेवटची भेट.

सकाळची वेळ होती. भाऊंनी दार उघडलं आणि आत हात केला. मॅडम ओटीवर खाटेच्या कडेला बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. केस कुणीतरी छान विंचरून दिले होते. मी पाया पडले तर त्या ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तशा हसल्या. "बस गो बाय," म्हणाल्या. "चा घेशील?"

मी आलेखाचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "हाय, मॅडम. टेंगूळ हाय."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना काही कळत नाहीये. मग त्यांचं बोट उठलं, हवेत थरथरत कागदावर आलं, उतारावरून खाली घसरत गेलं आणि नेमकं तिथे जाऊन थांबलं.

"किती फेरे?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं.

"पाच. सहाव्याला नाय."

"सहाव्याला नाय," त्या म्हणाल्या आणि मान हलवली. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच काळजी आली. त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. "आमच्याकडं एक पोर होती कालेजात," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "साताऱ्याची. ती टेंगूळ नाय बोलली व्हती. चुकली असेल." मग माझं मनगट धरलं, त्या थरथरीसकट. "तिला सांगू नको हां. जाम मन लावून करायची. रडल बिचारी."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

त्यांचं समाधान झालं. मनगट सोडलं. कागद नीट घडी करून उशाशी ठेवायचा प्रयत्न केला, तो जमेना, तेव्हा भाऊंनी घेतला. मग त्यांनी दोन्ही हात, एकेक करून, सावकाश मांड्यांखाली सरकवले, पाठ ताठ केली आणि दाराबाहेर बघत बसल्या. चहा आला, निवला. मी जागची हलले नाही. मीही माझे हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिले.